बाळंतिणीला गोईण हवी



बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावरून नुसतं निघून जातं. पण दुसरा जन्म म्हटला की मधे मरणाचं दार आलंच की! त्या दारातून बाई परत येते ती कुणाचा तरी हात धरून. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत पडली ती उगाच नाही. माहेरच्या गावात सासरपेक्षा मोठा डॉक्टर असायचा असं थोडंच होतं? तिथे आई असायची, मावशी असायची, शेजारची काकू असायची. कळा सुरू झाल्यावर जिच्यासमोर ओरडायला, रडायला, लुगडं सुटलं तरी लाजायला होत नाही, अशी एक तरी बाई उशाशी असावी, एवढ्यासाठी ती रीत.

हे आज आठवायला निमित्त झालं एका शब्दाचं. हल्ली मुंबई-पुण्याकडच्या मुलींच्या तोंडी ‘डूला’ हा शब्द असतो. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. ही डॉक्टर नसते, नर्स नसते, सुईणही नसते. ती तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळंतपण करत नाही. ती फक्त सोबत करते. पाठ चोळून देते, पाणी पाजते, चालवते-फिरवते, घाबरलीस तर मी आहे म्हणते आणि डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगते. शहरात याचे चांगले पैसे मोजले जातात. ऐकून आपल्या आज्या हसतील. म्हणतील, ‘यात नवल ते काय? हे तर आम्ही फुकटात करत आलो!’

आज्यांचं हसणं खरंच आहे. पण ज्या अमेरिकेतून हा शब्द आपल्याकडे आला तिथे आता तो हौसेपुरता उरलेला नाही. जगातला सगळ्यात श्रीमंत देश तो. तरी २०२३ साली तिथे लाख जन्मांमागे गोऱ्या बायका बाळंतपणात दगावल्या साडेचौदा, आणि काळ्या बायका दगावल्या पन्नास. म्हणजे तिपटीहून जास्त. दवाखाने तेच, औषधं तीच. फरक पडतो तो गरिबीमुळे, दवाखान्यापासूनच्या अंतरामुळे, आणि एका फार साध्या गोष्टीमुळे, ती म्हणजे ‘मला खूप त्रास होतोय’ असं काळी बाई म्हणाली की तिचं पटकन कुणी ऐकत नाही. म्हणून तिथल्या वस्त्यांतल्या काळ्या बायकाच पुढे आल्या, डूलाचं शिक्षण घेऊन आपल्या मोहल्ल्यातल्या गरोदर बायांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ओरेगॉन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांनी गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून त्यांना मेहनताना द्यायला सुरुवात केली. पुढे इतर राज्यंही त्या वाटेने गेली.

हे वाचलं आणि माझं मन थेट आपल्या जंगलात येऊन थांबलं. काळी-गोरी हा भेद आपल्याकडे त्या रूपात नसेल. पण ‘हिचं कुणी ऐकत नाही’ हा भेद आपल्याकडे नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. बारा तालुके, तीन चतुर्थांश जंगल, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली अडतीस माणसं आदिवासी. भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. २०२४ च्या जुलैत त्याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून पुराच्या पाण्यातून पलीकडे नेलं. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. चंद्रपूर जिल्ह्यातही जिवतीच्या पहाडावरचे कोलामगुडे आहेत, तिथेही अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, वाट आहे की नाही हे आधी विचारावं लागतं.

सरकारी आकडे सांगतात की बाळंतपणात आई दगावण्याचं प्रमाण महाराष्ट्रात देशापेक्षा खूप कमी आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात लाखामागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण सरासरी म्हणजे सगळ्या घराचं मिळून एक भांडं वरण. वाढताना कुणाच्या ताटात डाळ येते आणि कुणाच्या ताटात नुसतं पाणी, ते सरासरी सांगत नाही. पुण्यातली बाळंतीण आणि एटापल्ली तालुक्यातल्या टोल्यावरची बाळंतीण एकाच आकड्यात बसवल्या की दोघींमधला फरक दिसेनासा होतो. त्यात या भागातल्या कितीतरी बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी, भरीला मलेरिया, आणि सिकलसेलचा आजार असेल तर बाळंतपण आणखी जोखमीचं.

जाणकार सांगतात, बाळंतपणात बाई दगावते ती तीन उशिरांमुळे. पहिला उशीर घरातला, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे ओळखून दवाखान्यात न्यायचं ठरवण्यातला. दुसरा उशीर वाटेतला. तिसरा दवाखान्यातला, पोहोचल्यावर वेळेत नीट उपचार मिळण्यातला. बाळंतपणानंतर धो-धो रक्त जाऊ लागलं तर हातात दोन तासही नसतात. यातला वाटेचा उशीर रस्ते, पूल आणि गाड्या झाल्या की कमी होईल. त्याची मागणी आपण करतोच, करत राहू. पण पहिला आणि तिसरा उशीर डांबराने भरून निघत नाही. तिथे माणूसच लागतं. आणि तेही तिच्यातलं, तिच्या भाषेतलं माणूस.

पहिल्या उशिराचं बघू या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, ‘सर्च’ संस्था सुरू केली. राणीताईंनी इथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यात शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त आठ. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेव्हा जगातले डॉक्टर चपापले. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, बाकी काही नाही, असाच सगळ्यांचा समज होता.

पुढे १९९५ पासून त्यांनी ३९ गावांमध्ये एक प्रयोग केला. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई निवडली, तिला शिकवलं आणि नाव दिलं आरोग्यदूत. बाळंतपण घरीच व्हायचं, दाई तिथे असायचीच. आरोग्यदूत तिच्या जोडीला जाऊन बसायची. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं या खेड्यातल्या बायका शिकल्या. तीन वर्षांत त्या गावांमध्ये महिन्याच्या आतली बाळं दगावण्याचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हेही छापलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळ तपासू लागल्या, त्याचं मूळ या आपल्या गडचिरोलीच्या गावांमध्ये आहे. बायांनो, हे आपल्या लेकींना सांगा. आपल्या जिल्ह्याचं नाव फक्त बंदुकांच्या बातम्यांत यावं असं थोडंच आहे!

याच कामातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, तिची चर्चा फारशी झाली नाही. गावातल्या या आरोग्यदूतांनी ७७२ बायकांची बाळंतपणं आणि त्यानंतरचे दिवस जवळून पाहिले, लिहून ठेवले. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना बाळंतपणात किंवा त्यानंतर काही ना काही त्रास झाला होता, आणि शंभरातल्या पंधरा जणींचा त्रास तर तातडीने दवाखाना गाठावा असा होता. कुणाच्या कळा फार वेळ लांबल्या, कुणाचं बाळ आडवं, कुणाला रक्तस्राव. विचार करा, त्या घरात पाहणारी, लिहिणारी कुणी नसती तर यातलं किती कळलं असतं? ‘बाईच्या जातीला हे व्हायचंच’ म्हणून सगळं पोटात गेलं असतं. जिला काय पाहायचं ते शिकवलंय अशी एक बाई बाळंतिणीच्या उशाशी बसली, की पहिला उशीर तिथेच कमी होऊ लागतो.

आता तिसरा उशीर. हा मला सगळ्यात जास्त सलतो, कारण त्याला ना पूर कारण असतो ना जंगल.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं. दवाखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ते कुठेही घडू शकतं. शेजारच्या खाटेवर आतल्या गावाहून आलेली एक माडिया मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. सोबत तिची आई. कळा वाढल्या तशी आईला बाहेर काढलं. ‘बाहेर थांबा, गर्दी करू नका.’ मुलीला मराठी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. सिस्टर एकटी, खाटा सहा, तिचाही आवाज चढलेला. ‘जोर लाव म्हटलं तर लावत नाही, आता नको म्हटलं तर लावतेय, ऐकूच येत नाही का हिला?’ ऐकू येत होतं हो. कळत नव्हतं. कळवळून तिने एकदा दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. आई पलीकडे व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. माझी बहीण निदान ‘सिस्टर, पाणी’ असं म्हणू तरी शकत होती.

तिचं बाळंतपण सुखरूप झालं. पण पुढच्या खेपेला ती दवाखान्यात येईल का? आणि ती आली नाही तर आपण काय म्हणणार? ‘ही माणसं अडाणी, दवाखान्यात यायलाच तयार नसतात.’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय. ते म्हणण्याआधी दवाखाना तिला कसा दिसतो हे एकदा विचारायला हवं.

बंग दांपत्याने ते विचारलं होतं. त्यांनी अनेकदा सांगितलेला हा किस्सा आहे. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, तुम्हाला कसा दवाखाना हवा, असं त्यांनी गावकऱ्यांना विचारलं. उत्तरं ऐकून कुणीही अंतर्मुख व्हावं. लोक म्हणाले, तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतो. तुमच्या दवाखान्यात आजारी माणसाला एकटं ठेवतात, नातलगांना हाकलतात, भेटायची वेळ ठरवतात. आणि तुमच्या दवाखान्यात आमचा देव कुठे आहे? मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातलगांना राहता येईल असा, आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. हेमलकशालाही १९७३ पासून बाबा आमटेंच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, मग माणसं औषधाला येऊ लागली. या दोन्ही जागी यंत्रं नंतर आली. आधी आलं ते ऐकणं.

मग सरकारने काहीच केलं नाही का? तसंही नाही, आणि ते मान्य करायला हवं. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत झालं. १०२ नंबरची गाडी गरोदर बाईसाठी, १०८ नंबरची तातडीच्या वेळेसाठी. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ सुरू झालं. दिवस भरत आले की बाईने आधीच तिथे येऊन राहायचं, जेवणखाण तिथेच, बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळायची. माहेरघर! ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याला माझा नमस्कार. त्याला आपल्या बायकांचं मन कळलं होतं.

पण नाव माहेर असून भागत नाही, तिथे माहेरचं माणूसही लागतं. रोवणीचे दिवस, धाकटं लेकरू कडेवर, घरी गाय-बकऱ्या, म्हातारी सासू. अशा वेळी बाईने आठ दिवस परक्या खोलीत येऊन राहायचं, तर तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारं, तिच्या लेकराला सांभाळणारं कुणी हवं की नको? मोहाच्या, तेंदूपानाच्या हंगामात तर सगळं घर रानात असतं. त्या दिवसांत येणारी बाई एकटी येते, नाहीतर येतच नाही.

आणि या सगळ्यात आपली दाई कुठे गेली? माझी आजी ब्रह्मपुरीकडची. ती काही दाई नव्हती, पण गावात कुणाची वेळ आली की तिला बोलावणं यायचं. तिचं काम एकच. बाळंतिणीच्या मागे बसून तिची पाठ आपल्या छातीला टेकवून घ्यायची आणि म्हणत राहायचं, ‘मी आहो ना बाई, मी आहो.’ नाळ कापणारी वेगळी आणि ही वेगळी. दोन कामं होती ती. दवाखान्यातलं बाळंतपण आलं तेव्हा नाळ कापण्याचं काम शिकलेल्या हातांत गेलं, आणि ते बरंच झालं. जुन्या दाईच्या हातून धनुर्वात व्हायचा, पोट दाबलं जायचं, अडलेल्या बाईला तासन्‌तास तसंच ठेवलं जायचं, किती आया आणि लेकरं त्यात गेली. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या कामाबरोबर दुसरं कामही आपण उंबऱ्याबाहेर ठेवून आलो. पाठीला छाती देणारी बाई व्हरांड्यात बसली आणि बाळंतीण आत एकटी पडली.

हे काही नुसतं भावनेचं बोलणं नाही. कळांच्या वेळी सतत कुणी सोबत असेल तर काय फरक पडतो, याचा सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांवरचा एक मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत असलेल्या बायकांच्या कळांचा काळ कमी झाला, आपोआप बाळंत होणाऱ्या वाढल्या, सिझेरियन कमी झाली, आणि बाळंतपणाची कडू आठवण कमी जणींच्या मनात राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलं, बाईला हवी ती सोबत बाळंतपणभर मिळू द्या. सोबतीण काही रक्तस्राव थांबवत नाही, झटके थांबवत नाही. त्याला डॉक्टर, औषध, रक्ताची पिशवी हवी, आणि ती दवाखान्यात असायलाच हवी. पण बाईला डोकं गरगरतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, खालचं कापड भिजून चिंब झालंय, हे सिस्टरला वेळेत सांगणारी ही सोबतीणच असते. सहा खाटांमागे एक सिस्टर असेल तर तिलाही ही मदतच आहे, अडचण नाही.

आणि आता एक गोष्ट नीट वाचा, कापून ठेवा. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलं आहे की बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत तिच्या घरची एक बाई राहू द्यावी. अटी साध्या आहेत. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ सोबत थांबावं आणि डॉक्टर-नर्सच्या कामात लुडबूड करू नये. इतकंच. म्हणजे परवानगी आहे! कितीजणींना हे ठाऊक होतं? आपल्यापैकी किती सासवा, किती आया बंद दाराबाहेर बसून राहिल्या, कारण दार आपल्यासाठी उघडं असू शकतं हेच कुणी सांगितलं नाही. आपल्याला नाही सांगितलं तर भामरागडच्या आईला कोण सांगणार?

तेव्हा मला वाटतं ते सरळ मांडते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या ज्या ज्या सरकारी दवाखान्यांत आदिवासी बाया बाळंतपणाला येतात, तिथे माडिया, गोंडी किंवा कोलामी बोलणारी एक सोबतीण दिवसरात्र असायला हवी. या भाषा मराठीच्या नात्यातल्या नाहीत, तेलुगूच्या कुळातल्या आहेत. मराठी हळू आणि मोठ्याने बोलून त्या समजत नाहीत. ही सोबतीण बाहेरून आणायची गरज नाही. गावात बसून राहिलेल्या दाया आहेत, आरोग्यदूत म्हणून काम केलेल्या बाया आहेत, दहावी-बारावी झालेल्या आदिवासी सुना आहेत. त्यांना दोन गोष्टी शिकवायच्या, काय करायचं आणि काय करायचं नाही. धोक्याची लक्षणं तोंडपाठ करून घ्यायची. माहेरघरात तीच बाई गरोदर बाईला उतरवून घेईल, कळा आल्या की तिच्यासोबत आत जाईल आणि बाळ छातीशी लागेपर्यंत हलणार नाही.

आणि तिला पगार द्यायचा. मानधन, प्रोत्साहन, बक्षीस असली गोड नावं नकोत. बाईचं काम म्हटलं की सेवा, आणि सेवा म्हटलं की फुकट, हे गणित आपण आशाताईंच्या बाबतीत पाहिलंच आहे. मध्यरात्री गरोदर बाईला घेऊन निघायचं, नाला ओलांडायचा, दवाखान्यात पोहोचायचं, आणि मग रात्र काढायला जागा कुठे, तर बाकावर. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा कामं थांबवून रस्त्यावर बसल्या तेव्हा कुठे त्यांच्या पैशाचा विचार झाला. त्याच बाईच्या खांद्यावर आता हेही काम फुकटात टाकायचं असेल तर ते न केलेलं बरं. नवं काम, तर त्याचं नवं माणूस आणि त्याचे वेगळे पैसे.

कुणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? एका सोबतिणीचा वर्षाचा पगार आणि दवाखान्याच्या एका नव्या यंत्राची किंमत शेजारी शेजारी ठेवून बघा. यंत्र बिघडलं की माणूस नागपूरहून यावा लागतो. सोबतीण गावातच असते.

दुसरी गोष्ट शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. २०२४ मध्ये गडचिरोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, चंद्रपूरला ते आधीपासून आहे. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक परिचारिकेला गोंडी-माडियातली पन्नास वाक्यं यायलाच हवीत. कुठे दुखतंय, घाबरू नको, आता जोर लाव, आता थांब, बाळ ठीक आहे, तुझी आई इथेच आहे. आणि खोलीत शिरताना ‘जोहार’. सरकारी तिजोरीवर याचा काही भार पडणार नाही.

आता आपल्याबद्दल. आपण तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्या बाया. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आपली आणि आतल्या गावाहून आलेल्या बाईची गाठ पडते. ती जमिनीवर बसलेली असते, आपण बाकावर. तिला खिडकी सापडत नाही, चिठ्ठी कळत नाही, रक्त तपासायचं कुठे हे ठाऊक नसतं. आपण डबा घेऊन आलेल्या असतो आणि आपल्याला सगळे रस्ते माहीत असतात. त्या वेळी तिच्याशेजारी बसून दोन शब्द बोलायला काय लागतं? आपल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी हळदीकुंकवाच्या एखाद्या खर्चातून दवाखान्यात येणाऱ्या आदिवासी बाळंतिणीसाठी स्वच्छ लुगडं, बाळाला टोपडं आणि सोबतच्या बाईला रात्रीचं जेवण एवढं ठरवलं तर? आणि पुढच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत २०१६ च्या त्या सूचनेचं काय झालं, असं लेखी विचारलं तर? विचारणाऱ्या बाया पाच असल्या तर उत्तर मिळत नाही, पन्नास असल्या तर द्यावं लागतं.

इकडच्या बायकांच्या बोलीत एक फार सुंदर शब्द आहे, गोईण. गोईण म्हणजे मैत्रीण, जिवाभावाची सखी. राणीताई बंगांनी इथल्या बायांच्या झाडांशी असलेल्या नात्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावही त्यांनी ‘गोईण’च ठेवलं. डूला हा शब्द मुंबई-पुण्याला लखलाभ. आपल्याकडे त्याहून जुना आणि गोड शब्द आहे. त्या शब्दाला आता सरकारी कागदावर एक जागा हवी, दरमहा पगार हवा आणि बाळंतपणाच्या खोलीत बाळंतिणीच्या उशाशी एक स्टूल हवं.

स्टूल फार महाग येत नाही. पण ते तिथे ठेवा, असं म्हणणारे आवाज आपल्यालाच लावावे लागतील. आपल्या लेकीसाठी आपण ते सहज म्हटलं असतं. भामरागडची लेकही कुणाची तरी लेकच आहे.